डब्यावरची मुलगी

जेल रोडला आमच्या गल्लीत फॉल-पिकोचं दुकान चालवणाऱ्या भागीताई आहेर एके काळी नाशिकच्या दुकानादुकानांत गल्ल्याशेजारी हसत उभ्या होत्या, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्याकडूनच ब्लाऊज शिवून घेतेय. गुडघ्यावर हात दाबत चालतात, पायाने मशीन चालवता येत नाही म्हणून हाताच्या मशीनवर शिवतात, आणि कुणी ‘बिचाऱ्या’ म्हटलं की त्याचं कापड मुद्दाम मागे टाकतात. माझ्यासारख्याच तिखट, म्हणून आमचं जमलं.

गेल्या वर्षी शहरातल्या एका जुन्या धर्मादाय बालरुग्णालयाने आपल्या बंद पडलेल्या पोलिओ वॉर्डाचं संग्रहालय केलं. वीतभर लांबीचे लोखंडी कॅलिपर, कुबड्या, चामड्याचे बूट आणि देणगी गोळा करायला दुकानांत गल्ल्यापाशी ठेवायचे पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्यावर एकाच मुलीचा फोटो. दोन्ही पायांना कॅलिपर, ताठ उभी, खुदकन हसलेली. खाली लिहिलेलं, ‘तुमच्या मदतीने ही चालेल.’ ती मुलगी म्हणजे भागीताई. संग्रहालयाच्या योगिनी मॅडम त्यांना शोधत दुकानात आल्या. नव्या इमारतीसाठी देणगीचा कार्यक्रम होता आणि डब्यावरची मुलगी त्यांना व्यासपीठावर हवी होती.

“पण तुमच्या मदतीने मी चालले कुठे?” भागीताई म्हणाल्या. “ते कॅलिपर दुसऱ्या पोराचे होते. फोटो निघाला आणि काढून घेतले. मामा सांगायचा.”

योगिनी मॅडमचा चेहरा उतरला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याची गरज सरली आणि तो रोग्यालाच विसरला. आता भागीताई या मॅडमना हाकलणार, असं वाटून मी खूश होऊन बसले होते. पण त्यांनी विचारलं, “मूळ फोटो आहे का तुमच्याकडे? अख्खा?”

तेव्हा मला त्यांच्याकडून सगळं कळलं. चार वर्षांच्या भागीला उभं राहता येत नव्हतं, म्हणून आई मागे बसून तिला कमरेला धरून होती. डब्यावर आई कापलेली आहे, कमरेवर तिची चार बोटं तेवढी राहिलीत. वडील आधीच गेलेले. पुढच्या वर्षी गावी, देवळ्याला, आईही तापाने गेली आणि मामाने भागीला मनमाडला नेलं. आईचा एकही फोटो घरात नव्हता.

“मला तिचं तोंडच आठवत नाही गं, प्रतिभा,” त्या म्हणाल्या. “‘पाय टेक, भागे’ एवढं आठवतं. आठवणीत मान वर करून बघते, तर तिथे कुणीच नाही.”

जुन्या पेट्यांमधून मूळ फोटो शोधून कार्यक्रमाच्या दिवशी देते, असा शब्द योगिनी मॅडमनी दिला. भागीताई तयार झाल्या. मी चिडले. “त्यांनी एकदा वापरलं ते पुरे नाही झालं? पुन्हा उभ्या राहणार?”

“त्यांच्यासाठी कोण राहतंय? आईसाठी राहते.” त्यांनी स्वतःसाठी नवा ब्लाऊज शिवला.

कार्यक्रमात त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. “आपल्या देणगीतून चालू लागलेली हीच ती मुलगी,” वक्ते म्हणाले. टाळ्या पडल्या. भागीताईंनी एका हाताने टेबल धरून दुसऱ्या हाताने नमस्कार केला. मी खुर्चीत धुमसत होते.

नंतर शेजारच्या खोलीत योगिनी मॅडमनी फोटो दिला. “मला आज सकाळीच सापडला,” त्या चाचरत म्हणाल्या. फोटोत भागी हसत होती. तिच्यामागे, डोक्यापासून जमिनीपर्यंत चादर टाकलेलं कुणीतरी बसलं होतं. चादरीखालून दोन हात आले होते, बांगड्या नसलेले.

वॉर्डात पूर्वी आया म्हणून काम केलेल्या आक्काबाई सत्काराची शाल पांघरून तिथेच बसल्या होत्या. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. “ही चादर मीच टाकली,” त्या म्हणाल्या. “दवाखान्याचे सायेब म्हनले, पांढऱ्या कपाळाची बाई फोटोत नको. लोक पैसा टाकनार, अपशकुन व्हईल. ती काय बी नाय बोलली. चादरीआडून पोरीला हसवत व्हती.”

भागीताईंनी त्यांचा हात घट्ट धरला. “मावशी, तुम्ही तिला पाहिलंय. कशी दिसायची?”

आक्काबाईंनी त्यांचा चेहरा निरखला. “नाय गं बाई. तोंड नाय ध्यानात. लय बाया यायच्या.”

रिक्षात मला त्या साहेबाचा इतका राग आला होता की दात दुखत होते, आणि तो माणूस तर केव्हाच मेलेला असणार. दुकान उघडून भागीताईंनी मशीनवरचा दिवा लावला आणि गिऱ्हाइकाचं कापड बघतात तसा तो फोटो बघितला. चादरीवर, बरोबर डोक्याच्या जागी, कसलातरी काळपट डाग होता. त्यांनी तो अंगठ्याने पुसून पाहिला, निघाला नाही. मग त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

“झाकायचंच होतं,” त्या म्हणाल्या, “तर निदान धुतलेली तरी टाकायची.”