लग्नातला करदोडा

आमचे थोरले भाऊ अण्णा शर्ट वर करून कुणालाही पोटाखालचा करदोडा दाखवायचे. कमरेचा तो काळा दोरा पार विटला, तरी त्यांनी बदलला नाही. "बघ पुस्तक्या, लग्नातलं माप. अजून तसंच!" मी वाचनालयात नोकरीला, म्हणून पुस्तक्या. दोऱ्यावरून पुढे ओघळलेलं पोट मात्र ते मापात धरत नसत.

लहानपणी त्यांनी मेंढरं राखली, म्हणून मी शिकलो. पुढे आम्ही शहरात, पुंडलिकनगरात आलो आणि ते शेंद्र्याच्या कारखान्यांत एका कंपनीच्या गेटवर राखणदार म्हणून खुर्चीत बसू लागले. हातपाय काटकुळेच राहिले. फिरायला चला म्हटलं की म्हणत, "आपलं हाड चाललेलं हाय. तुमच्यावानी बसलेलं नाय."

गेल्या वर्षी गल्लीतल्या तपासणी शिबिरात मी त्यांना ओढूनच नेलं. वजनकाट्यावर ते ऐटीत उभे राहिले. मग नर्सबाईंनी बेंबीवरून टेप गुंडाळली.

"काका, श्वास सोडा."

"सोडला की."

"सोडला नाही, धरलाय."

रांगेतली माणसं हसली. अण्णांनाही हसू आलं आणि पोट सुटलं. आकडा पाहून डॉक्टर गंभीर झाले. वजन ठीक आहे, पण ही चरबी पोटाच्या आत साठलीय. साखर आणि हृदय लगेच तपासून घ्या, म्हणाले.

"वजन बरोबर, पँट तीच. मग रोग काय पट्ट्याच्या वर ऱ्हातो व्हय?"

"हो काका. तिथंच राहतो."

नंतर मी तपासणीचा विषय काढला की अण्णा म्हणायचे, "दिवाळी व्हऊ दे," मग "शिफ्ट बदलू दे." करदोडा दाखवणंही त्यांनी बंद केलं. मला वाटलं, माझ्यावर रुसले.

एका दुपारी गेटवरच्या खुर्चीतच ते गेले. हृदय थांबलं होतं.

शेवटची आंघोळ घालताना करदोडा तोडतात. कात्री माझ्या हातात दिली. दोरा नेहमीच्या जागी, पोटाखाली नव्हता. नर्सबाईंनी टेप धरली होती तिथं, बेंबीवर होता. विटलेल्या दोऱ्याला काळ्याभोर नव्या दोऱ्याचा वीतभर तुकडा जोडलेला.

वहिनी पुढे आल्या. त्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "भावजी, हे कवा जोडलं ह्यांनी?"

त्यांनी बोट काढलं नाही. मी कात्री जुन्या दोऱ्यावर चालवली.