पहिल्या दिवशी कुणीच हसलं नाही

परवा मोताळ्याच्या बाजारात लसूण घेत होते... मागून आवाज आला, "वत्सलाताई नं?" वळून पाहिलं तर प्रल्हाद. पहिलीत आम्ही एका वर्गात होतो. तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी अकरा!

हो, अकरा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झाली असतील तेव्हा. आईबाबा दोघंही मजुरीला जायचे, आणि पाठची तीन भावंडं माझ्या कडेवर... शाळा राहूनच गेली होती.

मग गावात नवे गुरुजी आले. दोन-तीनदा घरी येऊन बसले तेव्हा कुठे बाबा तयार झाले, तेही अट घालून. "एवढी मोठी पोरगी पहिलीत... पोट्टे हासतीन तिले. एक दिवस जरी रडत आली, तं पुन्हा पाठवनार नाही."

पहिल्या दिवशी वर्गाच्या दारातच पाय अडले. खाली तरटावर बसलेली सगळी मुलं माझ्या कमरेएवढी. वाटलं, असंच मागे फिरावं आणि पळत सुटावं...

तेवढ्यात एका मुलीने सरकून जागा केली. "ताई, इथं बस नं." दुसरीने आपली पेन्सिल मोडून अर्धी माझ्या पाटीवर ठेवली. सुट्टीत तिघी-चौघी मला हात धरून पाणी प्यायला घेऊन गेल्या. दिवसभरात कुणी हसलं नाही. कुणीच नाही.

संध्याकाळी बाबा ओट्यावर वाटच बघत होते. माझ्या डोळ्यांकडे नीट निरखून पाहिलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी त्यांनीच हातात दिली.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, आमच्या गावची मुलंच गुणाची. परवा प्रल्हादलाही तेच म्हटलं, तर तो खो खो हसायला लागला. "कायची गुनाची, ताई! आदल्या दिवशी गुरुजीनं आमाले गोल करून बसवलं होतं."

गुरुजींनी एकेकाला विचारलं होतं म्हणे, शाळेत पहिल्यांदा आलास तेव्हा कशाची भीती वाटली? कुणी सांगितलं छडीची, कुणी सांगितलं आई दिसेना त्याची. प्रल्हादला म्हणे चड्डी ओली होईल याची. मग गुरुजी म्हणाले, उद्या एक मुलगी येणार आहे. तुमच्यापेक्षा मोठी आहे, म्हणजे तिची भीतीही मोठी असणार. तिच्यासाठी कोण काय करेल?

जागा कुणी द्यायची, पेन्सिल कुणी, पाण्याला कुणी न्यायचं... सगळं त्या चिमुरड्यांनीच वाटून घेतलं होतं.

"अन् तुह्याकडं काय होतं रे?"

"मले हासू लय लवकर ये. तं माह्यं काम एकच, हासायचं नाही. तू दारात दिसली अन् मी टोपीच तोंडात कोंबली!"

भर बाजारात माझ्या डोळ्यांना पाणी आलं...

पुढे मी सातवी झाले, नर्सबाई झाले, नोकरी करून निवृत्तही झाले. गुरुजींची वर्षभरातच बदली झाली होती. आता ते या जगात नाहीत, आणि त्यांनी माझ्यासाठी काय करून ठेवलं होतं हे मला या वयात कळलं.

त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. पण सहा वर्षांच्या पोराला हसू दाबणं किती जड गेलं असेल... त्याचे मात्र मानून घेतले, तिथेच, उभ्या उभ्या.