गीत : पारंपरिक

माईक माझ्या दातांवर आपटला. तो आवाज भोंग्यातनं सगळ्या गावानं ऐकला. मग माझं किंचाळणं. तेही भोंग्यातनं.

मी तेव्हा परकर-पोलक्यातली पोर. गाव जयसिंगपूरच्या बाजूचं. दत्तजयंतीचं भजन चाललं होतं. गाणारा चहाला उठला आणि मी, खालच्या आळीतली, देवळाच्या पायऱ्या चढून त्याच्या जागी जाऊन बसले. डोळे मिटले. आईचं गाणं म्हणायला लागले. तिनंच भांगलताना जुळवलेलं.

‘माझ्या हाडांच्या चिपळ्या कर, देवा, पण मला गाऊ दे.’

दुसरी ओळ आलीच नाही. देवळाचा पंच धावत आला, माईक हिसकला आणि तोच माझ्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. मग केसांना धरून पायऱ्यांवरनं खाली ओढलं. भजनी मंडळी टाळ मांडीवर ठेवून बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "पोरीचा आवाज बाकी झकास हाय."

पंच म्हणाला, "आवाजाला काय चाटायचंय? आळी कुठली त्ये बघा."

आईनं ओठात हळद भरली. म्हणाली, "गप ऱ्हा आता. जिती ऱ्हा." त्या दिवसापासनं तीही गायली नाही. भांगलताना बायका म्हणायच्या, म्हण की गं. ती नुसतं खुरपं चालवायची. तशीच गेली.

मी देव सोडला नाही. मारणारा पंच होता, दत्त नव्हता. गळ्यात माळ घातली, ती अजून आहे.

लग्न होऊन शिरोलीला आले. एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वाळू चाळायचं काम लागलं. मशिनांची धडधड एवढी की शेजारची बाई बोललेलं कळायचं नाही. तिथं मी गायला लागले. गळा फाडून. कुणाला ऐकूच जात नव्हतं, मग मारणार कोण? वर्षानुवर्षं तसं गाऊन आवाज घासला. लोखंडावर कानस ओढावी तसा झाला.

एकदा लाईट गेली. मशिनं थांबली. मी डोळे मिटून होते, माझं थांबलं नाही. उघडले तर सगळी शेड माझ्याकडं बघत होती. वाटलं, आता कुणीतरी येणार आणि तोंडावर हाणणार. आला तो निनाद, मालकाचा मुलगा.

"मावशी, परत एकदा म्हणा की," तो म्हणाला.

निनाद गिटार वाजवायचा. लेथ मशिनवरचा इरफान ड्रम वाजवायचा. त्यांचा हेवी मेटलचा बँड होता. जुन्या गोडाऊनमध्ये त्यांनी पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा वाटलं पत्रे अंगावर पडतात. मग कळलं, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. त्या पायऱ्यांवर डोकं आपटत होतं, तेव्हा आत हेच वाजत होतं.

मी आईचं गाणं म्हटलं. इरफान ओरडला, "अजून जोरात, मावशी!" जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला जोरात म्हण म्हणालं.

मग तिथंच माझी गाणी रेकॉर्ड केली, सगळा अल्बम भजनांचा झाला. बाहेर आला तेव्हा मला इरफाननं मोबाईलवर दाखवला. खाली मान घालून. चित्रात नऊवारी नेसलेली गोरीपान तरुण पोरगी. तोंड उघडलेलं. आत माझा आवाज. माझं नाव कुठंच नाही. आणि खाली लिहिलेलं, ‘गीत : पारंपरिक’.

"पारंपरिक म्हंजी?"

"जुनं. कुणी केलंय ठावं न्हाय, असं."

"मला ठावं हाय की."

निनादला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, हे मार्केटिंग असतं. आवाज तुमचाच आहे ना?" आतल्या ऑफिसातनं त्याचा बाप बोलला, "काम दिलं, गायला दिलं. आता फोटो बी पायजे व्हय? आरशात बघितलंयस कधी?"

मग कोल्हापुरात कार्यक्रम. हॉल गच्च. मला काळ्या पडद्यामागं उभं केलं. पुढं ती पोरगी नुसते ओठ हलवणार. तरी मी गेले. गायला मिळणार होतं.

पहिलं गाणं झालं. पोरं तिच्या नावानं किंचाळत होती. दुसरं आईचं. ड्रम सुरू झाला आणि माझ्या हातानं पडदा धरला. ओढला. दांडीसकट खाली आला.

मालक बाजूलाच होता. त्यानं माझं मनगट पिरगाळलं. "मागं हो, रांडे."

मी दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर ढकललं. तो स्पीकरवर जाऊन पडला. पोरगी पळाली. निनादनं गिटार थांबवली. इरफाननं ड्रम थांबवला नाही.

मी म्हटलं, "ह्यो आवाज माझा हाय. गाणं माझ्या आईनं केलंय. तिचं नाव कोंडाबाई."

कुणीतरी हसलं. कुणीतरी बाटली फेकली. ती कपाळावर फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. मी गात राहिले. सगळ्या ओळी म्हटल्या. एका डोळ्यानं बघत, नुसत्या ड्रमवर. शेवटची ओळ आली तेव्हा हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फौंड्रीचं गेट बंद. मला आणि इरफानलाही. वर माझ्यावर पोलिसात तक्रार, मारहाणीची. ठाण्यात मालक म्हणाला, "पाया पड, मिटवून टाकू. कामावर बी ये."

निनाद पुटपुटला, "पडा की मावशी. विषय संपेल."

मी फौजदाराला म्हटलं, "ढकललं त्ये खरं हाय, साहेब. लिवा. का ढकललं त्ये बी लिवा. आन् माझी बी तक्रार घ्या, आवाज न् गाणं चोरल्याची."

आता मी लोकांची धुणी-भांडी करते. तारखेला कोर्टात जाते. परवा निनादचा फोन आला. म्हणाला, "तुमचं नाव टाकतो. केस मागं घ्या. आईंचं तेवढं राहू दे, पारंपरिकच बरं वाटतं."

मी म्हटलं, "दोन्ही नावं. न्हायतर माझा आवाज त्यातनं काढ आन् उरंल त्ये वाजव."

तो म्हणाला, "मावशी, वकील लावलाय आम्ही. दमाल."

म्हटलं, "दमवून बघ."