हात मांडीखाली घेऊन बसणारी बाई

आमच्या वरच्या खोलीत पुण्याची एक यंत्रवाली बाई राहायची. नवं यंत्र कुणापुढे ठेवलं की ती आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. मदतीला हात आपोआप पुढे जातात म्हणे. "काका, मला समजावून सांगावं लागलं, तर यंत्र नापास," हे तिचं ठरलेलं बोलणं.

तेव्हा हैदराबादेत संगणकाच्या कंपन्या नव्यानं उघडत होत्या. तारनाक्याला आमच्याकडे भाड्यानं राहून ती हृदयाच्या जुन्या दुखणेकऱ्यांसाठी घरी ठेवायचा वजनकाटा बनवत होती. माझं हृदय थकलेलं, आणि डॉक्टरांचं ऐकायची मला सवय नाही. "तुमच्याइतका हट्टी पेशंट अख्ख्या हैदराबादेत मिळायचा नाही," ती तोंडावर म्हणाली. मला ते आवडलं.

मी अफझलगंजात धान्य तोलण्यात जन्म घालवला. शाळा चौथीपर्यंत, पण काटा मला कोण शिकवणार? तिनं आणून ठेवलेल्या काट्यावर रोज सकाळी उभा राहायचो. आकडा वाढू लागला आणि मी खूश. जड भरलं म्हणजे बरकत! बायकोला म्हटलं, "बघ, अंग धरतंय." शेजारच्या खानसाहेबांना बोलावून आकडा दाखवला. रविवारी बाई खाली येऊन बसली तेव्हा मला धाप लागली होती, सुजलेले पाय चपलेत शिरत नव्हते. तिनं आकडा पाहिला, आणि ते हात पहिल्यांदा मांडीखालून निघाले. रिक्षा करून तिनं मला थेट डॉक्टरांकडे नेलं.

घरी परतल्यावर मी बजावलं, "माझं काही चुकलेलं नाही."

"हौ, तुमचं नाही. यंत्राचं चुकलं," ती म्हणाली. हे 'हौ' तिनं आमच्याकडूनच उचललं होतं. "काका, भिजलेलं पोतं जड भरतं ना?"

"भरतं तर! लबाड लोक मुद्दाम पाणी मारतात."

"मग तुमच्या अंगात पाणी साचलं होतं. तुम्ही भिजलेलं पोतं."

बायको पदर तोंडाला लावून हसली.

बाईनं आकडाच काढून टाकला. माझा काटा तिच्या आवाजात बोलू लागला, "पोतं भिजलं. डॉक्टरांना फोन करा." तेही एवढ्या मोठ्यानं, की गल्लीला ऐकू जावं. त्या लाजेनं मी लोणचं सोडलं, गोळ्या वेळेवर घेऊ लागलो. डॉक्टरांना वाटलं, त्यांचं ऐकलं.

पुण्याला परत जाताना ती पाया पडली. मी म्हटलं, "यंत्र अजून पास केलेलं नाही मी."

"नक्को करू, काका. घाई काय?"

पुढे तो काटा बाजारात आला, हिंदीत बोलणारा. खानसाहेबांनाही हेच दुखणं लागलं, तेव्हा त्यांच्या मुलानं एक आणला. खानसाहेब म्हणाले, "मियाँ, कैसा चलाते ये?" माझी जीभ शिवशिवली. पण मी हात मांडीखाली घेतले आणि गप्प बसलो. ते आपले आपण उभे राहिले. बरेच दिवस काटा "सब ठीक" म्हणे. मी रोज जाऊन तसाच बसे. एका सकाळी तो म्हणाला, "पानी भर गया है. डॉक्टर को फोन करो."

खानसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. ते उतरले आणि सरळ फोनकडे गेले.

मी हात बाहेर काढले. मुंग्या आल्या होत्या.

बाई, यंत्र पास.