थंड गाडीची साक्ष

त्या दुपारची आठवण काढावी लागत नाही, ती आपणहून येते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मला आठवायला वेळ लागतो. पण आमेरच्या उताराखाली आडवी उभी असलेली ती पांढरी टॅक्सी आणि तिच्या डाव्या मागच्या चाकाखालचं पाण्याचं थारोळं मी आजही बोटाने काढून दाखवीन.

वडील रेल्वेत होते. भुसावळहून त्यांची बदली जयपूरला झाली, मी इथेच शिकलो आणि इथल्याच पोलिसांत लागलो. आईने घरात मराठी सोडू दिली नाही, म्हणून हे मराठीत लिहितो आहे. ठाण्यात कुणाला वाचता येणार नाही, हेही एक कारण आहे, ते लपवत नाही. वर्दी वेळेआधीच उतरवली. त्याचं कारण ही एकच घटना नाही. पण हीही आहे.

भर दुपारी ठाण्यात फोन आला. गडावरून प्रवासी उतरवून रिकामी परतणारी एक टॅक्सी उताराच्या शेवटी हारवालीच्या हातगाडीवर गेली होती. बाई साठीची. तिचा पाय मोडला. आम्ही पोचलो तोवर तिला रुग्णालयात नेलं होतं, रस्त्यावर झेंडू पसरला होता आणि जमलेल्या लोकांनी ड्रायव्हरला धरून ठेवलं होतं. गर्दीत बाईसाठी हळहळ कमी आणि ड्रायव्हरवर राग जास्त दिसला. एका चहावाल्याने मला बाजूला घेतलं.

"साब, बाई ओरडत होती आणि हा आधी गाडी धूत होता! कॅन घेऊन चाकावर पाणी ओततोय. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

तीन जणांनी तेच सांगितलं. पंचनाम्यात ओलं चाक नोंदवलं, रिकामी कॅन जप्त केली. माझ्या मनात तिथेच गुन्हा शाबीत झाला होता. चाकाला काहीतरी लागलं असणार, ते याने धुऊन टाकलं.

ड्रायव्हर पन्नाशीचा, बारीक, दाढीचे खुंट पांढरे. ठाण्यात समोर बसवला. मी विचारलं, ब्रेक का लावला नाहीस?

"लावला साब. पेडल खाली गेलं. ब्रेक लागलाच नाही."

"आणि पाणी कशाला ओतलंस?"

"चाक तापलं होतं साब, धूर येत होता. गाडी गॅसची आहे, टाकी मागे आहे."

दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं, शब्दाला शब्द तेच. तेव्हा मला वाटलं, पाठ करून आला आहे. आज कळतं ते उलटं आहे. खोटं बोलणारा प्रत्येक वेळी थोडं सजवतो, एखादा माणूस वाढवतो, एखादी वेळ बदलतो. खऱ्याजवळ एकच वाक्य असतं. ते तो पुनःपुन्हा म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्याचाच राग येतो.

मी म्हणालो, "का रे, म्हातारीपेक्षा गाडी जास्त प्यारी आहे?" आणि एक थप्पड मारली.

मुन्शी कारकुनाच्या टेबलापाशी त्याची बायको डबा घेऊन उभी होती. तिने पाहिलं. डबा टेबलावर ठेवला आणि निघून गेली. ती थप्पड कुठल्याही कागदावर नाही. आणखी एक गोष्ट कागदावर नाही. जबाबात मी लिहिलं, 'चाकावर पाणी ओतल्याचे मान्य करतो.' चाक का तापलं होतं, टाकी कुठे होती, ते लिहिलं नाही. त्याच्या वाक्यातलं मला हवं तेवढं घेतलं. त्याने न वाचताच सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिवहन खात्याचे निरीक्षक आले. गाडी रात्रभर ठाण्याच्या अंगणात उभी होती. त्यांनी अंगणातच एक फेरी मारली, दोनदा ब्रेक दाबला. अहवाल दिला: ब्रेक सुस्थितीत. झालं. निष्काळजीपणाला पुरावा नष्ट करण्याचं कलम जोडलं गेलं, त्यामुळे जामीन अडला आणि ड्रायव्हर तुरुंगात गेला. परवाना जाणार हे उघड होतं. मी त्या रात्री शांत झोपलो, हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी रुग्णालयात हारवालीचा जबाब घ्यायला गेलो. पाय वजनाला टांगलेला, तरी जीभ तिखट.

"आलात? माझी फुलं कुणी उचलली का?"

मी म्हणालो, "काकी, त्याला सोडणार नाही. तुम्हाला टाकून गाडी धूत होता."

तिने उशीवरून मान उचलली. "धूत होता? अरे बावळ्या, मी त्या चाकाशीच पडले होते! ढुंगणाखालून धूर येत होता माझ्या. तो पाणी ओतत होता आणि रडत होता. काकी, मागे गॅस आहे, जरा सरका, म्हणत होता. मी सरकू कशी, पाय तर हा असा. मग काखेत हात घालून त्यानेच ओढली मला. लोक नंतर आले, आणि आले ते त्यालाच मारायला."

मी जबाब लिहून घेतला. ठाण्यात न जाता विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात गेलो. तिथे साताऱ्याकडच्या एका माजी सैनिकाचं गॅरेज आहे. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमर गेली, शेवटची नेमणूक जयपूरला झाली, मग इथेच राहिला. मी त्याला फौजी म्हणतो. त्याच्याकडे मराठी बोलायला मिळतं म्हणून मी अधूनमधून जात असे.

सगळं ऐकून त्याने विचारलं, "गाडी तपासली कवा?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"म्हंजे रातभर गार पडलेली. काय ओ साहेब! दमेकऱ्याला खाटंवर निजवून विचारायचं, दम लागतो का? जिना चढवा की त्याला."

कोर्टाची परवानगी काढली. त्याच निरीक्षकांना विनंती केली; ते आले, पण तोंड फुगवून. गाडी फौजीच्या गॅरेजवर आणली. त्याने आम्हा दोघांना मागे बसवलं आणि सीकर रोडच्या बाजूच्या कारखान्यांच्या रस्त्यांवरून ब्रेक दाबत, सोडत गाडी फिरवली. थोड्या वेळाने म्हणाला, "बघा, मी ब्रेकवरनं पाय उचलला तरी पुढं सरकंना. कुणीतरी मागनं धरल्यागत." करपट वास येऊ लागला. निरीक्षकांनी खिडकी खाली केली.

परत आल्यावर फौजीने तांब्यात बोटं बुडवून एकेका चाकावर पाणी शिंपडलं. तीन चाकांवरून थेंब नुसते ओघळले. डाव्या मागच्या चाकावर चर्र झालं आणि थेंब उडून गेले. भाकरी टाकण्याआधी आई तव्यावर असंच पाणी शिंपडायची. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मग त्याने मागची बाजू जॅकवर उचलली. उजवं चाक हाताने फिरवलं, ते फिरत राहिलं. डावं जागचं हललं नाही. त्याने आधी हँडब्रेकची केबल ढिली केली. चाक तसंच. "केबल न्हाई." मग चाकामागची ब्रेकचं तेल सोडायची छोटी चावी पान्याने उघडली. तेलाची चिळकांडी उडाली, आणि चाक सुटलं. त्याने एका बोटाने फिरवून दाखवलं.

"ही रबराची नळी आतनं सुजलीया. बाहेरनं बघा, नवरीवानी. पेडल दाबलं की तेल आत जातंय, सोडलं की माघारी येत न्हाई. ब्रेक धरलेलाच ऱ्हातो, चाक तापतं. लांब उतारावर त्या तेलाला उकळी फुटती. वाफेवर पाय दिल्यावर पेडल खाली बसणारच. गाडी गार झाली, वाफ जिरली, दाब हळूहळू उतरला, की सगळं शहाण्यावानी. सकाळी तुमच्यासमोर कसं दावणार?"

निरीक्षक खाली वाकले, स्वतः नळी चाचपली. "दुसरा अहवाल देतो," एवढंच म्हणाले. भला माणूस.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"चाकातल्या तापल्या ब्रेक-ड्रमवर असं पाणी ओतत नसत्यात साहेब, तडकतो. शिंतोडा येगळा. कुठल्याबी ड्रायव्हरला ठावं असतं. हा बघा, तडा गेलाय." त्याने ड्रम काढून माझ्या हातात दिला. "गाडी जीवापाड असती, तर त्यानं कॅन ओतली नसती."

तो ड्रम अजून गरम होता. फडक्यात धरूनही हात पोळत होता, पण मला तो खाली ठेवावासा वाटेना.

हारवालीचा जबाब आणि नवा अहवाल कोर्टापुढे ठेवला. जोडलेलं कलम वगळलं, सहाव्या दिवशी ड्रायव्हरला जामीन मिळाला, पुढे निर्दोष सुटला. परवानाही राहिला. वरिष्ठांनी प्रामाणिक तपासाबद्दल माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. अर्ध्या वाक्याबद्दल बोललो नाही.

नोकरी सोडल्यावर जयपुरातच दुर्गापुऱ्यात राहायला आलो. आईला गुडघ्यांसाठी दवाखान्यात न्यावं लागतं, गाडी त्या ड्रायव्हरचीच बोलावतो. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी नाव सांगितलं. तो "कितने बजे, साब?" एवढंच म्हणाला. आई त्याच्याशी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, दोघांचं काही अडत नाही. कुठेही थांबला की तो खाली उतरतो आणि ओल्या बोटांनी चारही चाकांवर पाणी शिंपडून बघतो. आई म्हणते, "तवा तापला का रे?" तो हसतो.

मागच्या महिन्यात आई आत डॉक्टरांकडे होती आणि आम्ही दोघे गाडीशी उभे होतो. मी अखेर सांगून टाकलं. थप्पड मारली ते चुकलं, आणि जबाबात तुझं वाक्य मी अर्धंच लिहिलं होतं.

त्याने वाकून चाकावरची धूळ पुसली.

"थप्पड विसरलो साब. ड्रायव्हरला कुणीही मारतं. पण तुम्ही विचारलं होतं, गाडी जास्त प्यारी आहे का? त्याचं उत्तर द्यायचं राहिलं माझं."

"सांग."

"काकी तिथे पडलेली नसती, तर मी पाणी टाकलं नसतं. पळालो असतो. जळू दे म्हटलं असतं गाडी."

त्याचं ते वाक्य या वेळी मी पुरं ऐकलं. या घटनेने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, समोरचा बोलत असताना पेन खाली ठेवा, आणि वाक्य संपल्यावर उचला. त्यांना ते फार साधं वाटतं.

आई काठी टेकत बाहेर आली. त्याने पुढचं दार उघडलं. मी बाटलीतलं पाणी बोटांवर घेतलं आणि डाव्या मागच्या चाकावर शिंपडलं. थेंब शांतपणे ओघळून गेले.