गाठीवरचा हात

परवा घोंगड्यावर ठिणगी पडली, जळक्या लोकरीचा वास घरभर झाला आणि आटपाडीच्या माळावरची ती दुपार अंगावर आली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अंतर्गळ होता. जांघेत उतरलेलं आतडं ते हाताने आत ढकलायचे, वरून फडकं आवळायचे आणि मेंढरांमागे चालू लागायचे. त्या दिवशी आडदांड मेंढा उचलताना आतडं उतरलं ते आत जाईचना. गाठ दगडासारखी झाली. आबा ओकत होते, जनावरासारखे ओरडत होते. मेंढरांना डाग देतात तसा चुलत्याने विळा लालभडक केला. "धरा रं त्येला! डाग दिला की चढतंय वर!" दोघांनी आबांचे पाय दाबले. आई किंचाळली, "आवं भावजी, आतडं जळंल! दवाखान्यात न्या!" कुणी ऐकेना. विळा खाली आला तेव्हा तिने गाठीवर आपला हात ठेवला. चर्र झालं, हाच वास सुटला. तिने तो हात काढला नाही; दुसऱ्या हाताने चुलत्याच्या अशी थोबाडीत हाणली की त्याचा ओठ फुटला. मग कुठे टेम्पो आणला. सांगलीच्या डॉक्टरांनी आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापला, उरलेलं आत घालून वाट शिवून टाकली. आबा वाचले. आजही आल्यागेल्याला ते टाक्यांची खूण दाखवतात, हकीकत रंगवून सांगतात. त्या हकीकतीत मेंढासुद्धा असतो, आईचा हात नसतो. तो तेव्हा त्यांच्या ताटात भाकरी वाढत असतो.