शेवंतीबाईंची गवार आणि साकेतचा चौक

कोपरीत स्टेशनबाहेर, बसथांब्याला लागून, शेवंतीबाई एकवीस वर्षं भाजी विकत होत्या. विकत कसल्या, गिऱ्हाइकांनाच कामाला लावत होत्या. ऑफिसातून सुटलेल्या बायका बसची वाट बघत त्यांच्या गोणपाटाच्या कडेला टेकायच्या, गवार मोडायच्या, मेथी निवडायच्या आणि सोबत आपापले नवरे नि साहेबही निवडून टाकायच्या. बस आली तरी कुणी उठत नसे.

हे साकेतने पाहिलं. साकेत म्हणजे शहराची आखणी करणारा सल्लागार, हुशार, परदेशात शिकलेला. स्टेशनाजवळ माणसं रमतील असा चौक त्याला उभारायचा होता. तीन दिवस त्याने माणसं मोजली आणि थोर शोध लावला, की अख्ख्या परिसरात लोक आपखुशीने थांबतात ती हीच जागा. झालं, चौक इथेच! मध्ये फक्त एका भाजीवालीची अडचण होती. ती हलवली.

शेवंतीबाई नाल्याकडच्या गल्लीत गेल्या. तिथे फिरकतंय कोण? भाजी सुकायचीच, पण दिवसभर बोलायला माणूस नाही, हे त्यांच्या जास्त जिवाला लागलं.

चौक मात्र देखणा झाला. दगडी बाकं, रंगीत दिवे, भिंतीवर रंगवलेल्या हसऱ्या भाजीवाल्या. जिवंत माणूस तेवढा औषधालाही नव्हता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साकेत धावतपळत गल्लीत आला.

"मावशी, प्लीज, उद्या तुमच्या जुन्या जागेवर बसाल का?"

शेवंतीबाईंचा आनंद गगनात मावेना. जागा परत मिळाली! ठेवणीतली साडी निघाली, दुप्पट गवार आली. त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक उत्तराताई बँकेतून लवकर सुटल्या आणि फोन करकरून त्यांनी तीसेक बायका जमवल्या. चौक गजबजला. पाहुण्यांनी साकेतच्या कल्पकतेचं तोंडभर कौतुक केलं, गवारीची एक शेंग मोडून फोटोही काढला. सगळ्यांत जोरात टाळ्या शेवंतीबाईंच्या.

"देवमाणूस आहे हो पोरगा," त्या उत्तराताईंना म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

पाहुणे गेले. मंडप उतरू लागला. शेवंतीबाईंनी साकेतला गाठलं.

"साहेब, उद्या सकाळीच येऊ, का दुपारची आली तर चालेल?"

साकेत खरोखरच गोंधळला.

"उद्या कशाला, मावशी? उद्घाटन झालं ना."